दोराला हात

“हे वाक्य वाच आणि रिकाम्या जागी बरोबर शब्द आणून ठेव,” असं म्हणून निनाद करंदीकरनं टॅब रुपेशच्या पुढ्यात सरकवला.

रुपेश सारंगनं टॅबकडे पाहिलं. मग खिडकीतून समुद्राकडे पाहिलं. मग पुन्हा टॅबकडे. पडद्यावर लाल टोपीवाला टॉम नावाचा मुलगा बागेकडे निघाला होता आणि त्याच्या पायाशी तीन इंग्रजी शब्द तरंगत होते. त्यातला एक बोटानं ओढून वाक्यात बसवायचा, एवढंच काम. रुपेशचं बोट पहिल्या शब्दापर्यंत गेलं, तिथून दुसऱ्यापाशी आलं आणि तिथंच थांबलं.

“अरे, हा तिसरा धडा आहे. तुझ्या नावावर बत्तीस धडे पूर्ण दिसतात. प्रत्येकात पाचच्या पाच तारे. लाव ना.”

“लायतंय,” रुपेश म्हणाला. पण बोट हललं नाही.

“वारो पडलो रे वारो!” मागून यज्ञेश कुबल पुटपुटला आणि पोरं खुसखुसली.

निनादनं यज्ञेशलाच पुढे बोलावलं. त्याच्याही नावावर बत्तीस धडे, पाचच्या पाच तारे. त्याचाही वारा तिसऱ्या धड्यातच पडला. मग समीक्षा तारी आली. तिला तो धडा जमला, पण पुढच्या धड्याला ती रडकुंडीला आली. निनाद एकेकाचा टॅब उघडत होता, बंद करत होता, आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. पंचविशीतला मुलगा. पुण्याच्या एका संस्थेतर्फे सिंधुदुर्गातल्या शाळांना इंग्रजी व्याकरणाचे टॅब वाटायचं काम त्याच्याकडे होतं. सबंध घाट मोटारसायकलवर उतरून तो मोठ्या कौतुकानं आमच्या धुवाळीला आला होता, कारण जिल्ह्यात सगळ्यात जास्त तारे आमच्या मुलांचे होते. संस्थेच्या माहितीपत्रकात म्हणे आमच्या शाळेचा फोटोही छापला होता.

मी दाराशी काळा चष्मा लावून उभी होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गणपतीपासून दिवाळीपर्यंत मी कणकवलीला बहिणीकडे होते आणि आठवडाभरापूर्वीच परतले होते. शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी गावी येऊन राहिले. शाळेला एकच गुरुजी. त्यांनीच मला इंग्रजीचा तास घ्यायला सांगितलं, आणि मला तर कोणी सांगायचीही गरज नव्हती. माझ्या मागं टॅब मुलांच्याच हवाली होते. कणकवलीत बसून मी ताऱ्यांची बातमी ऐकत होते आणि बहिणीला सांगत होते, बघ, माझी पोरं!

“परुळेकर बाई,” निनाद हळूच म्हणाला, “राग मानू नका. पण मला खरं सांगा, हे मोठ्या माणसानं कोणी बसून भरलंय का?”

आयुष्यात माझ्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. मी उत्तर देणार तेवढ्यात दीक्षिता मेतर उभी राहिली. काटकुळी, दोन वेण्या, एका वेणीची रिबन कायम सुटलेली.

“मी केलंय, सर.”

हे तिनं अशा आवाजात सांगितलं की, आता शाबासकी मिळणार याची तिला खात्रीच असावी.

“सगळ्यांचे?”

“होय. आदी माझो धडो करी, मगे एकेकाचो.”

“ह्याला कॉपी म्हणतात, कळतं का तुला?”

दीक्षितानं जरा विचार केला. “कॉपी नाय, सर. कॉपी म्हणजे दुसऱ्याचा बगून आपला लिवचा. मी माझा दुसऱ्यांका दिलंय.”

निनादला हसू आलं असावं, पण त्यानं ते गिळलं. मला बाजूला घेऊन तो म्हणाला, “बाई, माझ्या हातात फार नाही. दोडामार्गाकडच्या दोन शाळा टॅबसाठी कधीच्या थांबल्यात. मी दत्तजयंतीनंतर पुन्हा येतो. प्रत्येकानं माझ्यासमोर एकट्यानं बसायचं. दहातले पाच तरी ज्याला जमतील त्याचा टॅब राहील. बाकीचे मी घेऊन जाईन.”

“आणि कोणालाच जमलं नाही तर?”

“तर सगळे,” तो म्हणाला. त्याची मोठी निळी बॅग टेबलावर होती, आत स्पंजचे कप्पे असलेली. टॅब आले होते त्याच बॅगेतून. ती त्यानं तशीच रिकामी परत नेली.

टॅब जाणं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. वाडीतल्या दोन घरांनी आधीच पोरं मालवणच्या इंग्रजी शाळेत घातली होती. बाकीचे थांबले होते ते टॅबकडे बघून. अर्धे टॅब गेले तर अर्धी पोरं जातील, आणि अर्ध्या पोरांवर शाळा चालत नाही. जी जातील ती निदान शिकतील तरी. पण रुपेशसारखा पोरगा मालवणला जाणार नव्हता. तो होडीत जाणार होता. मी मनाशी ठरवलं, एकही टॅब जाऊ द्यायचा नाही.

संध्याकाळी मी किनाऱ्यावर गेले. रपण ओढणं चाललं होतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. होडी लांबलचक जाळं अर्धगोल टाकत समुद्रातून फिरते आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात. मग दोन रांगा करून माणसं ते दोर ओढतात. बायका, म्हातारे, शाळेतून आलेली पोरं, कोणीही. आणि ज्यानं दोराला हात लावला त्याला वाटा मिळतो, मग तो कुबल असो, तारी असो की सुट्टीला आलेला कुणाचा पाहुणा असो. आमच्याकडे हे कुणी शिकवत नाही. चालायला लागलेलं पोर आपसूक दोराशी जातं.

दीक्षिताची आई सुनंदा टोपली घेऊन वाळूत बसली होती. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

“बाई, माझ्या चेडवान काय चोरी केल्यान?”

“चोरी नाही गं. सगळ्यांचे धडे हिनंच केले.”

“मगे? सगळ्यांका पैकीच्या पैकी गावले, ता बरा नाय काय?”

रपणीचा म्होरक्या भाऊ सारंग, रुपेशचा चुलता, दोर ओढता ओढताच ओरडला, “बाईनू, तुमच्या त्या पुणेकराक सांगा, आमच्या पोरीन वाटो दिल्यान म्हणान!” रांगेतले सगळे हसले. मीही हसले. काय करणार?

पण माझी नजर पोरांवर होती. त्याच दोरावर दीक्षिता होती आणि तिच्या पुढे रुपेश. सकाळी ज्याचं बोट हलत नव्हतं तो पोरगा टाचा वाळूत रोवून मागं कलला होता आणि वळून दीक्षितावर डाफरत होता, “गो, हात कित्याक सोडलंस? फुकटचो वाटो व्हयो तुका?”

“सोडूक नाय, खाज सुटली!”

“मगे खाज मगे काड!”

मी वाळूतच बसले आणि बराच वेळ तो दोर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांचे टॅब पुसून कोरे केले. सगळे पुन्हा पहिल्या धड्यावर. वर्गात असा गलका झाला की गुरुजी पलीकडच्या खोलीतून धावत आले.

“माझे तारे!” समीक्षा किंचाळली.

“तुझे कुठले? सगळे दीक्षिताचे,” मी म्हटलं. “ऐका आता. रपणीत भाऊ एकटेच दोर ओढतात आणि तुम्ही सगळे वाळूत पाय पसरून बसता, असं कधी झालंय का?”

“छ्या! वाटो कोण देयत?”

“मग इथं तसं का केलंत?”

दीक्षितानं पहिल्यांदाच मान खाली घातली.

त्या दिवसापासून आमची पद्धत ठरली. एकच टॅब मध्ये, भोवती सगळी पोरं गोल करून. टॅबवर माईकचं एक बटण होतं, त्याला कोणी कधी हात लावला नव्हता. मी नियम केला की, कारण बोलल्याशिवाय बोट लावायचं नाही. वाक्यात हाच शब्द का आणि तो का नाही, ते प्रत्येकानं माईकमध्ये सांगायचं. मालवणीत सांगितलं तरी चालेल, चुकलं तरी चालेल, पण स्वतःच्या आवाजात. सगळ्यांचं सांगून झाल्यावरच शब्द ओढायचा. आणि दीक्षिता नेहमी सगळ्यांत शेवटी बोलणार.

दीक्षिताचे फार हाल झाले. उत्तर तिला आधीच दिसायचं आणि बोट आपोआप पुढं जायचं. शेवटी तिनंच उपाय काढला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची. यज्ञेश अडखळला की तिचं सगळं अंग हलायचं, पण हात जागेवर.

“तुका भूत लागला काय गो?” यज्ञेश विचारायचा.

“तू उत्तर सांग मेल्या, भूत आपसूक जातला.”

पहिले काही दिवस रखडत गेले. आज शिकलेलं उद्या विसरायची. शाळेतली वीज गेली की टॅब बंद पडायचे. मग मी आणि दीक्षिता ते पिशवीत घालून बर्फाच्या कारखान्यात न्यायचो. तिथला माणूस बर्फाच्या लाद्यांच्या बाजूला फळीवर ते चार्जिंगला लावून द्यायचा. माझा एक डोळा अजून लाल होता. डॉक्टरांनी पडद्याकडे जास्त बघू नका म्हणून सांगितलं होतं. मी ऐकत होते, सारखं बघत नव्हते.

मग टॉमचा प्रश्न आला. टॉम बागेत जायचा, टॉम बर्फाचा माणूस करायचा, टॉमची आजी केक भाजायची. पोरं कारणं सांगायची, पण ती पाठ केल्यासारखी. एक दिवस रुपेश म्हणाला, “बाई, ह्यो टॉम मासे खय खाता?” सगळे हसले, पण मला ते लागलं. मी निनादला फोन केला.

“निनाद, ह्या टॅबमध्ये आपली वाक्यं घालता येतात का रे?”

“येतात की! ‘शिक्षकांसाठी’ असं बटण आहे, त्यात फोटो टाकता येतो, खाली वाक्य लिहिता येतं. पण आजवर एकाही शाळेनं ते उघडलेलं नाही.” मग तो जरा घुटमळला. “बाई, तारीख मात्र तीच आहे हं.”

“तारखेचं मी कुठं म्हटलं?” मी म्हणाले. मग मी आणि दीक्षितानं दुपारभर बसून ते बटण उलगडलं. मी लिहायची, ती दाबायची, आम्ही दोघी चुकायचो.

फोटो काढायचं काम मी रुपेशला दिलं. टॅब प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो वाडीभर फिरला. त्यानं आणलेले फोटो आम्ही पुन्हा पुन्हा बघितले. भाऊंचे जाळं विणणारे हात, फक्त हात. सुनंदाच्या टोपलीतला एक बांगडा, त्याच्या डोळ्यात आकाश. वाळूत ओढून ठेवलेली होडी आणि तिच्या सावलीत झोपलेलं कुत्रं. “भाऊ मेंड्स द नेट.” “सुनंदा सेल्स फिश.” “द डॉग इज स्लीपिंग अंडर द बोट.” पोरांनी वाक्यं केली, मी टॅबमध्ये भरली, आणि शब्द वेगळे करून पुन्हा जुळवायला दिले. आता कारणं पाठ करावी लागेनात. “भाऊ एकटोच हा, म्हणान मेंड्स,” “हे लय जण हत, म्हणान मेंड,” असं पोरं भांडून सांगू लागली. सरावाच्या चाचणीत यज्ञेश दहातल्या पाचापर्यंत गेला, मग सहापर्यंत. समीक्षाचं रडणं थांबलं.

संध्याकाळी दोरावरसुद्धा वाक्यं सुरू झाली. एक ओढ आणि एक वाक्य. “वी पुल!” “दे पुल!” “भाऊ शाउट्स!” भाऊंना आपलं नाव कळायचं, बाकी काही नाही. “माका शिव्या घालतत काय रे ही?” ते विचारायचे.

फक्त रुपेश बोलत नव्हता.

फोटो त्याचे, पण वाक्य तो करायचा नाही. माईक पुढं केला की तोंड मिटायचा. सुरुवातीला एकदा त्याचं बोलणं टॅबनं परत ऐकवलं होतं तेव्हा पोरं हसली होती. ते त्याच्या मनात बसलं होतं. दोरावर तो सगळ्यांत जोरात ओढायचा आणि एक शब्द उच्चारायचा नाही. चाचणीत त्याला दोन मिळायचे, कधी तीन.

शाळा सुटल्यावर मी त्याला पायरीवर घेऊन बसायची. एक फोटो, एक वाक्य, एवढंच. तो शब्द ओढायचा, चुकायचा, पुन्हा ओढायचा.

“बाई, माझो टॅब न्हेवंदेत,” एक दिवस तो म्हणाला. “माका होडयेत जावचा हा. मासे इंग्लिश बोलनत नाय.”

“होडीत जा की. मी कुठं नको म्हणते? पण होडीत जाणारा वेगळा आणि शाळेतून हाकललेला वेगळा. उद्या परत बस.”

“आणि उद्या नाय जमला तर?”

“तर परवा.”

“तुमका कंटाळो येवक नाय?”

“मला कंटाळा येत नाही रे. तो अवयव देवानं दिलाच नाही.”

तो हसला आणि पुन्हा शब्द ओढायला लागला. दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी त्यानं पाच केले. मग पुन्हा चाचणी घेतली, तर तीन.

ठरल्याप्रमाणे निनाद आला. निळी बॅग घेऊनच आला. मी पोरांना शाळेच्या व्हरांड्यात एकमेकांपासून लांब लांब बसवलं. वाक्यं टॅबनंच निवडलेली होती, काही टॉमची, काही आमची. कोणी बोलायचं नाही.

दीक्षिताचं सगळ्यांत आधी झालं. तिनं टॅब खाली ठेवला आणि हात मांड्यांखाली घातले. तिच्या समोरच, चार हातांवर, रुपेश बसला होता. त्याच्या टॅबवर काय चाललंय ते तिला दिसत होतं. मलाही दिसत होतं. बोट एका शब्दावर, मग दुसऱ्यावर. सांगते, त्या वेळी मलाही हात कुठं ठेवावे कळेना. मी पदराचं टोक मुठीत धरून समुद्राकडे बघत उभी राहिले.

निनादनं आकडे वाचले. दीक्षिता दहा. समीक्षा सात. यज्ञेश सहा. कोणी पाच, कोणी आठ.

“पहिल्यांदाच तुमच्या शाळेचे आकडे वेगवेगळे आलेत,” तो माझ्याकडे बघून म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. मग तो शेवटच्या टॅबवर आला आणि थांबला. “रुपेश. चार.”

सगळी पोरं रुपेशकडे वळली.

“बाई, सांगितलं होतं मी,” निनाद खालच्या आवाजात म्हणाला. “एकच आहे. एकच जातोय.” आणि त्यानं रुपेशचा टॅब निळ्या बॅगेत, स्पंजच्या कप्प्यात ठेवला. बाकीचे कप्पे रिकामे होते.

रुपेश उठला आणि चपला शोधायला लागला. दीक्षितानं मात्र मांड्यांखालचे हात काढले, आपला टॅब उचलला आणि बॅगेशेजारी टेबलावर आणून ठेवला.

“हे काय?” निनादनं विचारलं. “तू तर पहिली आलीस. तुझ्यासाठी पुढचे धडे उघडलेत.”

“माका नको.”

“का? आणि मला एक सांग. तेव्हा सगळ्यांचे धडे तू का करत होतीस? मी तेव्हा विचारलंच नाही.”

“मगे काय करू, सर?” दीक्षिता म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज भांडणाऱ्या बाईसारखा होता. “पुडच्या धड्यात मी एकटी जावन काय करू? थय माझ्याशी इंग्लिशमदी बोलतलो कोण? तो टॉम? तो माझा काय आयकतच नाय!”

निनाद तिच्या टॅबकडे बघत राहिला. नेमकी त्याच वेळी किनाऱ्यावरून हाक आली, लांबलचक, गळा ताणून. भाऊंची हाक. रपण जड लागली होती, हात कमी पडत होते. अशा वेळी आमच्याकडे शाळा थांबते. गुरुजीसुद्धा धोतराचा काचा मारून जातात. मी काही म्हणायच्या आत पोरं पायऱ्या उतरून धावली होती आणि सगळ्यांच्या पुढं रुपेश होता.

“चला,” मी निनादला म्हटलं. “इथं एकटे बसून काय कराल?”

तो आला. बॅग खांद्याला तशीच. वाळूत आल्यावर त्यानं बूट काढले, बॅग त्यांच्यावर ठेवली, पँट दुमडली आणि सगळ्यांचं बघून तोही दोराला लागला, रुपेशच्या मागं. दोर ताठ होता, पाणी गाळत होता. निनादच्या मऊ हातांतून तो निसटायला लागला. मग त्यानं काय केलं, तर पक्की पकड मिळावी म्हणून दोर मनगटाभोवती गुंडाळून घेतला.

रुपेशनं वळून पाहिलं आणि तो ओरडला, “मनगटाक येढो घालू नको! येढो सोड, सर!”

“काय?” लाटांच्या आवाजात निनाद ओरडला. येढो म्हणजे काय, ते पुण्याच्या मुलाला कुठून कळणार? दोराला पुढून हिसका बसला, निनाद दोन पावलं समुद्राकडे ओढला गेला, आणि रुपेशला वाटलं असावं, ह्या माणसाला आपली भाषा येत नाही. ह्याला कुठली येते, ते त्याला ठाऊक होतं.

“नो रोप ऑन हँड!” तो जीव खाऊन ओरडला. “सर! रोप पुल्स यू! यू गो इन सी! ओपन हँड! ओपन!”

निनादनं वेढा सोडला. दोरावरचे सगळे हात क्षणभर थबकले. यज्ञेशचं तोंड उघडंच राहिलं. दीक्षिता हसत होती की रडत होती, कोण जाणे.

“होल्ड लाइक धिस,” रुपेश म्हणाला आणि त्यानं आपली मूठ दाखवली. “लुक. लाइक धिस. नाउ पुल.”

“लाइक धिस?” निनादनं विचारलं.

“यस. पुल! डोन्ट स्लीप!”

“मी झोपलोय कुठं!”

“इंग्लिश, सर!” दीक्षिता मागून ओरडली. “दोरार इंग्लिशच बोलूचा, आमचो नियम हा!”

मग किनाऱ्यावर जाळं येईपर्यंत रुपेशचं तोंड थांबलं नाही. पुल, स्टॉप, वेट, कम हिअर, भाऊ इज अँग्री, नाउ भाऊ इज नॉट अँग्री. काही बरोबर, काही कुठल्या कुठं. कोणी हसलं नाही, कारण सगळे त्याला उत्तरं देण्यात गुंतले होते.

जाळं भरून आलं होतं. चांदीसारखे बांगडे वाळूत उडत होते. भाऊंनी वाटे घालायला सुरुवात केली आणि एक ढीग निनादच्या पायाशी लोटला.

“अहो, मला नको,” निनाद घाबरून म्हणाला. “मी सगळ्यांत शेवटी आलो. धड ओढतासुद्धा आलं नाही. आणि मी मासे खात नाही.”

“खाव नको,” भाऊ म्हणाले. “पण दोराक हात लावलास, वाटो तुजो. तेचा काय करूचा ता तू बग. वाटो हय सोडून कोण जायत नाय.”

निनादनं रुपेशकडे पाहिलं.

“यू पुल्ड,” रुपेश म्हणाला. “टेक.”

निनाद इकडेतिकडे बघून म्हणाला, “पण नेऊ कशातून?”

रुपेशनं बोट दाखवलं, निळ्या बॅगेकडे.

निनाद वाळूत गुडघ्यांवर बसला. त्यानं बॅग उघडली, कप्प्यातून रुपेशचा टॅब काढला, शर्टाच्या बाहीला पुसला आणि त्याच्या हातात दिला.

“धर. हा आत असला तर मासे कसे मावतील?”

आणि मग संस्थेच्या त्या स्पंजच्या कप्प्यांमध्ये त्यानं एकेक बांगडा नीट निजवला. मोटारसायकलला बॅग बांधून तो वळणापाशी दिसेनासा होईपर्यंत सुनंदा मागून ओरडत होती की, हळद लाव, मीठ लाव, शेजाऱ्यांका दी, पण कुजवू नको.

ह्या गोष्टीला बारा-तेरा वर्षं तरी झाली असतील. शाळा आहे. टॅब मात्र तेव्हाचे राहिले नाहीत, नवे आले. त्या बांगड्यांनंतर निनाद पुढच्या खेपेला आला तो नवी बॅग घेऊन. जुनी धुऊन धुऊन थकलो, वास जात नाही, असं त्यानं वर्गाला सांगितलं. पोरं हसायला लागली. रुपेश हसला नाही. तो उठून उभा राहिला, माईकशिवाय, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

“सर, नेक्स्ट टाइम ब्रिंग अ बकेट.”